साइडकार मोटारसायकल : वळणावरील हाताळणी

साइडकार (बाजूला बसवलेली एकचाकी बैठक) जोडलेली मोटारसायकल सहसा वळणावर कलत नाही, त्यामुळे दुचाकीची अंगवळणी पडलेली सवय तिच्यावर घात करते. दुचाकीस्वार डावीकडे वळताना नकळत डावी मूठ पुढे रेटतो. इथे तसे केल्यास गाडी उजवीकडे जाते. हँडल वळायच्या दिशेलाच फिरवावे लागते.

साइडकारच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक १८९३ मधील एका फ्रेंच वृत्तपत्रीय स्पर्धेचा आणि बेर्तू नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा दाखला देतात. ब्रिटिश परंपरा १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. जे. ग्रॅहम यांनी घेतलेल्या पेटंटकडे बोट दाखवते. फ्रेंच रचना सायकलसाठी होती असे मानले जात असल्याने, मोटारसायकलपुरता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. १९२३ ची आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरील पहिली साइडकार टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यत फ्रेडी डिक्सन यांनी जिंकली, ती सहप्रवाशाला तरफेने कलवता येणारी साइडकार वापरून.

भारतात साइडकार डावीकडे असते. रशियन ‘उराल’सारख्या उजव्या साइडकारला पुढील डावे-उजवे उलटे करून वाचावे.

खरा धोका डाव्या वळणाचा. गाडी उजवीकडे, म्हणजे मोटारसायकलच्या दोन चाकांच्या रेषेवर उलटू पाहते आणि गुरुत्वमध्य त्या रेषेच्या अगदी जवळ असतो. उदाहरणार्थ, स्वारासह २५५ किग्रॅ.ची मोटारसायकल, त्या रेषेपासून ८० सेंमी. बाहेर वजनमध्य असलेली ८० किग्रॅ.ची रिकामी साइडकार आणि ६० सेंमी. उंचीवरचा गुरुत्वमध्य धरल्यास २० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी २८ किमी.च्या आसपास साइडकारचे चाक सुटते. ६० किग्रॅ.चा प्रवासी बसला की ही मर्यादा ३४ च्या घरात जाते. म्हणून रिकाम्या साइडकारमध्ये वाळूची पोती तळाशी घट्ट बांधतात. सैल पोते नेमके नको तेव्हा सरकते.

वेग वळणाआधीच कमी करावा, शरीर डावीकडे झुकवावे आणि वळणात हलकी रेस ठेवावी. जोर मागच्या चाकातून येतो व साइडकारचे ओझे मागे ओढते, त्यामुळे रेस दिली की गाडी डावीकडे वळते. एकदम सोडली की उजवीकडे, समोरच्या वाहतुकीत जाते. चाक उचललेच तर रेस हळूहळू कमी करून हँडल किंचित उजवीकडे सोडावे. घाबरून डावीकडे अधिक वळवल्यास चाक आणखी वर जाते.

उजव्या वळणात रेस सोडणे मदतीचे असते. मात्र जोरात ब्रेक लावल्यास मागचे चाक उचलून गाडी साइडकारच्या नाकावर कोसळू शकते. साइडकारचे चाक मागच्या आसापेक्षा १५ ते २५ सेंमी. पुढे बसवतात ते यासाठीच.

सरळ चालताना गाडी डावीकडे ओढत असेल तर आधी साइडकारच्या चाकाचा आतला कल (टो-इन), म्हणजे त्याचे पुढचे टोक मोटारसायकलकडे किती वळले आहे ते तपासावे. दोन सरळ फळ्या चाकांना टेकवून पुढचे व मागचे अंतर मोजतात. पुढचे सुमारे १२ ते २५ मिमी. कमी हवे. कल जास्त झाला की टायर लवकर घासतो.

पियाजिओ एमपी ३ सारख्या कलणाऱ्या तीनचाकींना हे नियम लागू नाहीत. त्या दुचाकीप्रमाणेच वळतात.