गिरणीचा भोंगा आणि कामाची क्षमता

मालवा मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल ही नावे आजच्या इंदुरात बहुतेकांना चौक, पूल किंवा वस्ती म्हणून ठाऊक असतात. परंतु ज्यांचे बालपण 1970 आणि 1980च्या दशकांत या शहरात गेले, त्यांच्या कानांत त्या गिरण्यांचे भोंगे अजून आहेत. माझे काका अशाच एका कापडगिरणीच्या विणाई खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीच्या आतले, धडधाकट आणि हातात कसब असलेले गृहस्थ होते. त्यानंतर कित्येक वर्षे ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, आंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसत आणि दुपारपर्यंत त्यांच्या हातून काहीच होत नसे. काकू म्हणत, "अहो, निदान भाजी तरी आणून द्या," आणि दहा मिनिटांच्या त्या कामाला त्यांना अर्धा दिवस लागे. घरात त्याला आळस म्हटले गेले. तो आळस नव्हता, हे मला फार उशिरा, ऑस्ट्रियातल्या एका खेड्याविषयी वाचताना समजले.

व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्टाल नावाची कामगार वसाहत होती आणि तिचे सगळे जीवन एका कापड कारखान्याभोवती फिरत असे. मंदीच्या लाटेत तो कारखाना बंद पडला. 1931-32च्या हिवाळ्यात मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले आणि त्यांनी 478 कुटुंबांच्या जगण्याची बारकाईने नोंद केली. त्यांची अपेक्षा साधी होती: पैसा कमी झाला असला तरी वेळ भरपूर आहे, तेव्हा लोक वाचतील, सभा-मंडळांत रमतील. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. वाचनालयाची वर्गणी माफ केलेली असूनही तेथून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला, तेव्हा बेकार पुरुष रेंगाळत चालत आणि वारंवार थांबत, तर स्त्रिया, ज्यांचे घरकाम थांबलेले नव्हते, त्यांच्यापेक्षा भरभर चालत असे आढळले. दिवसभरात काय केले याचा तक्ता भरायला सांगितल्यावर पुरुषांना दोन-तीन गोष्टींपलीकडे काही आठवेना.

या निरीक्षणांवरून याहोडा यांनी पुढे जो सिद्धान्त मांडला, तो मला या सगळ्या विषयाचा पाया वाटतो. नोकरीतून पगार मिळतो हे उघड आहे. पण त्याशिवाय ती दिवसाला घडी देते, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध जोडून देते, एकट्याला न साधणाऱ्या उद्दिष्टात सामील करून घेते, समाजात ओळख देते आणि हातापायांना नियमित हालचाल लावते. या पाच गोष्टींची गरज माणसाच्या मनाला असते आणि नोकरी गेली की त्या पाचही एकदम जातात.

इंदुरात याचे एक बोलके उदाहरण दर अनंत चतुर्दशीला दिसते. गिरण्या बंद होऊन दोन-तीन दशके लोटली, तरी त्या गिरण्यांच्या कामगारांच्या गणेशोत्सव समित्या अजूनही रात्रीच्या मिरवणुकीत आपल्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, काढतात. काकाही त्या कामात असत. झांकीतल्या मूर्तींना हलवणारी मोटर आणि दट्ट्यांची रचना बसवण्यासाठी दीड-दोन महिने ते जुन्या सोबत्यांबरोबर राबत आणि तेवढ्या काळात त्यांची झोप, भूक आणि बोलणे सारे ताळ्यावर येई. त्या कामात पैसा जवळजवळ नव्हता, पण याहोडा यांनी सांगितलेल्या पाचही गोष्टी त्यात होत्या. 1990च्या दशकाच्या आरंभी बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकीत देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपये मिळाले ते 25 डिसेंबर 2023 रोजी, दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर. ती रक्कम त्यांच्या हक्काचीच होती. मधल्या वर्षांत त्यांच्या दिवसाची घडी मोडली, कसब गंजले, ओळख पुसली गेली, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही न्यायालयासमोर आला नाही.

काम माणसाला इतके काही देते, याचा अर्थ कोणतेही काम आरोग्यदायी असते असा नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी 1979मध्ये दाखवून दिले की कामाचा ताण केवळ कामाच्या भारावर ठरत नाही. भार मोठा आणि ते काम कसे, कोणत्या क्रमाने, कोणत्या वेगाने करायचे हे ठरवण्याची मुभा अगदी थोडी, अशी जोडी जमली की तो सर्वाधिक अपायकारक होतो. भार मोठा आणि मुभाही मोठी असेल, तर तेच काम माणसाला शिकवते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासाने या विचाराला बळ दिले. 1985 साली सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात 10,308 स्त्री-पुरुष कर्मचारी होते. ही सगळी कार्यालयात बसून काम करणारी, नियमित पगार घेणारी माणसे. त्यांच्यात ना विषारी वायूंचा प्रश्न होता, ना उपासमारीचा. तरीही श्रेणी जसजशी खालची, तसतसे हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले, आणि मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उतरंडीची कारणे शोधली तेव्हा कामावरील नियंत्रणाचा अभाव हे त्यांतले एक मोठे कारण निघाले.

शरीरात घडते ते असे. संकटाची चाहूल लागली की मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. काही मिनिटांच्या संकटासाठी ही तयारी उत्तम आहे. काम हाताळणे आपल्या हाती असेल, तर ते उरकताच ही तयारी उतरते आणि रात्रीच्या झोपेत शरीर पूर्वपदावर येते. ते आपल्या हाती नसेल, तर उद्याची धास्ती आजच्या झोपेत शिरते, तयारी उतरतच नाही आणि महिनोन्‌महिने चढलेला रक्तदाब रक्तवाहिन्यांना इजा करू लागतो. कामाचे तास लांबले की सावरण्याचा वेळच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो.

कामाची जागाच बदलत असते तेव्हा काय होते, याविषयी सर्वांत शिकवणारी हकीगत आपल्या शेजारच्या अहमदाबादची आहे. 1952च्या सुमारास तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले. यंत्रे नवी, कामगार अनुभवी, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि खराब कापडाचे प्रमाणही कमी होईना. मानवी संबंधांवर संशोधन करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहणी केली तेव्हा त्यांना दिसले की 224 मागांच्या त्या खात्यात काम बारा वेगवेगळ्या भूमिकांमध्ये चिरलेले होते. कोणी फक्त तुटलेला धागा जोडे, कोणी फक्त बॉबिन पोचवी, कोणी फक्त तेल घाली. एकाच मागासाठी अनेकांवर अवलंबून राहावे लागे, पण कोणता गट कोणाचा हे कोणालाच सांगता येत नसे. राइस यांनी सुचवलेला उपाय यंत्राला हात न लावणारा होता: ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी आणि आतली वाटणी गटानेच करावी. कामगारांनी आपले गट स्वतः जुळवले. पुढे 64 मागांमागे सात जणांचा गट अशी मांडणी झाली, कार्यक्षमता वाढली आणि खराब मालाचे प्रमाण घटले. मागही तेच होते आणि माणसेही तीच. काकांना मी हे एकदा सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की आमच्याकडे नवे माग आले त्या दिवशी आम्हांला फक्त उभे कुठे राहायचे ते सांगितले होते.

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील एका पायजमा कारखान्याचा प्रयोग याच बाबतीत आकडे देतो. कामाच्या पद्धतीत बदल करायचे होते. एका गटाला बदल नुसता कळवला गेला; त्यांचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही आणि 40 दिवसांत 17 टक्के कामगार नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सर्वांना बदल आखण्यात सामील केले होते, त्यांचे उत्पादन थोड्याच दिवसांत पूर्ववत झाले, नंतर आधीपेक्षा सुमारे 14 टक्के वर गेले आणि तेथून कोणीही गेले नाही. बदलामुळे माणूस खचतो असे आपण सरसकट म्हणतो, ते मला म्हणूनच पटत नाही. माझ्या मते त्याला खचवते ते त्या बदलात आपला शब्द नसणे.

ओढीचा, म्हणजे काम मनापासून करावेसे वाटण्याचा प्रश्नही याला लागूनच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. याचा अर्थ पगार गौण आहे असा कोणी काढू नये. कष्टांच्या मानाने मोबदला आणि मान कमी मिळणे हे स्वतःच हृदयविकाराशी जोडलेले आढळले आहे. अर्थ इतकाच की आपण ठरवू शकतो, आपल्याला हे जमते आणि आपण कोणाचे तरी आहोत, या तीन जाणिवांची जागा रोख बक्षीस घेऊ शकत नाही. डेसी आणि रिचर्ड रायन यांचा पुढचा सिद्धान्त याच तिघींवर उभा आहे.

आता वयाविषयी. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत युहानी इल्मारिनेन आणि सहकाऱ्यांनी 1981पासून अकरा वर्षे पालिकांच्या प्रौढ कर्मचाऱ्यांचा मागोवा घेतला आणि त्यातून कामाच्या क्षमतेचे चित्र एका चार मजली घरासारखे मांडले. तळमजल्यावर आरोग्य, त्यावर ज्ञान आणि कौशल्य, तिसऱ्या मजल्यावर मूल्ये आणि ओढ, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष काम, म्हणजे त्याची आखणी, साधने आणि वरिष्ठांची वागणूक. वरचा मजला जड झाला की खालचे तिन्ही दबतात. वय वाढताना काहींची क्षमता घटली, बऱ्याच जणांची टिकली, आणि काहींची चक्क सुधारली. सुधारलेल्यांमध्ये ज्यांच्या वरिष्ठांची वागणूक सुधारली होती, अशांचे प्रमाण लक्षणीय होते. उतारवयातली क्षमता निव्वळ जन्मतारखेवर ठरत नाही, याचा एवढा थेट पुरावा क्वचितच सापडतो. 2007मध्ये जर्मनीतील डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यू कारखान्याने एका जोडणी-साखळीवर मुद्दाम सरासरी 47 वर्षे वयाचे कामगार नेमले आणि त्यांच्याच सूचना घेऊन सुमारे 70 लहानसहान बदल केले. गुडघे दुखू नयेत म्हणून लाकडी जमीन आली, बसून काम करता यावे म्हणून केशकर्तनालयातल्यासारख्या खुर्च्या आल्या, बारीक भागांसाठी भिंगे आली. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली.

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या वाहन कारखान्यांकडे पहाटे निघणाऱ्या बसमध्ये किंवा शहरातल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांत आज जे मराठी तरुण दिसतात, त्यांच्यासमोरचा बदल मागांपेक्षा वेगवान आहे. आज्ञावली लिहिणारी यंत्रणाच आली आहे आणि पाच वर्षांपूर्वी शिकलेले जुने होत चालले आहे. यावर अनेक ठिकाणी दिला जाणारा इलाज म्हणजे शनिवारचे योगसत्र, ध्यानाचे अ‍ॅप, ताणनियोजनाचे व्याख्यान. हेतू चांगला असतो. परंतु ब्रिटनमधील 233 संस्थांतल्या 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात, स्वयंसेवेचा एक अपवाद वगळता, फायद्याचा फरक दिसला नाही. वरचा मजला तसाच जड ठेवून तळमजल्याला रंग दिल्याने घर सावरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये कामातून येणाऱ्या पराकोटीच्या थकव्याचे वर्णन आजार म्हणून न करता व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केले आणि 2022च्या मार्गदर्शक सूचनांत वरिष्ठांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे.

आपल्याकडे 2020च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरावी अशी तरतूद आहे. पाऊल योग्य आहे, पण ते नोकरी गेल्यावर पडते. फिनलंडमध्ये तयार झालेली कामाच्या क्षमतेची प्रश्नावली त्याच्या बऱ्याच आधी विचारली जाते. तिच्यातला एक प्रश्न असा आहे की आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम क्षमतेला दहा गुण दिले तर आजच्या क्षमतेला किती द्याल, आणि दुसरा असा की प्रकृतीचा विचार करता आणखी दोन वर्षांनी हेच काम आपण करू शकाल असे वाटते का. या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला फारसा वेळ लागत नाही. काकांनी वयाच्या सत्तरीत माझ्या आग्रहाखातर तो कागद भरला, गिरणीच्या शेवटच्या वर्षाची आठवण ठेवून. पहिल्या प्रश्नाला त्यांनी नऊ गुण लिहिले होते.