लष्करी थाटाचा क्रोनोग्राफ आणि त्याचा माग

नाशकात जुना क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, विकायला आला की सोबत दोनपैकी एक गोष्ट येतेच. एक तर तो देवळालीच्या तोफखान्यातल्या कुणा साहेबाचा असतो, नाहीतर ओझरला मिग विमानांच्या कामासाठी आलेल्या रशियनाचा. दोन्ही गोष्टी घडू शकणाऱ्या आहेत, म्हणूनच त्या इतक्या सहज खपतात. देवळालीची छावणी ब्रिटिशांच्या काळातली. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथे जहाजाची वाट बघत पडून राहायचे. डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात तो शब्द या देवळालीवरूनच आला. फाळणीनंतर तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र काकुलहून इथे हललं. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभारलेला. त्यामुळे गोष्टीला इथे जागा आहे. घड्याळ त्या जागेत बसतं का, हे घड्याळाच्या पोटात बघून ठरवायचं.

आधी एक फरक करून घ्यावा. सैन्याने मागवून, नंबर टाकून सैनिकाला दिलेलं घड्याळ वेगळं. त्याच कारखान्याने तेच घड्याळ दुकानात विकलं तर ते वेगळं. आणि काळी डायल, मोठे आकडे, चमकणारे काटे असा नुसता थाट उचललेलं तिसरं. तिसऱ्यात वाईट काही नाही, फक्त त्याची किंमत पहिल्याची द्यायची नाही. आपल्याकडे चौथा घोटाळाही आहे: ‘एचएमटी पायलट’ क्रोनोग्राफ म्हणून दाखवतात. ते चावीचं, तीन काट्यांचं साधं घड्याळ आहे, त्यात स्टॉपवॉच नाही.

क्रोनोग्राफमध्ये रोजची वेळ चालू असताना मधला लांब काटा बटणाने सुरू, बंद आणि शून्यावर करता येतो. तोफखान्याला याचं काम साधं होतं. समोरच्या तोफेचा जाळ दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना जवळपास एक किलोमीटर. हे गणित डायलच्या कडेला छापलेलं असतं, त्याला टेलिमीटर म्हणतात. देवळालीच्या चाळीस अंशांच्या उन्हात आवाजाचा वेग ३५५ च्या घरात जातो. दहा सेकंदांवर पट्टी ३.४ किलोमीटर दाखवते तेव्हा खरं अंतर ३.५५ असतं. दीडशे मीटरची चूक तोफेच्या गोळ्याला कमी नाही, त्यामुळे ही पट्टी अंदाजापुरतीच.

दुसरी पट्टी टॅकिमीटरची. एक किलोमीटर कापायला किती सेकंद लागले त्यावरून वेग देणारी. ३६०० भागिले सेकंद, एवढंच सूत्र. हे पाठ असलं की दुकानात उभ्या उभ्या डायल तपासता येते. ३० सेकंदांसमोर १२०, ३६ समोर १००, ४० समोर ९०, ४५ समोर ८० आणि ६० समोर ६० आलंच पाहिजे. टेलिमीटरवर ३ सेकंदांपाशी १ आणि ३० सेकंदांपाशी १० च्या आसपास. पुन्हा रंगवलेल्या डायलवर रंगवणाऱ्याने आकडे दिसायला बरे वाटतील तसे पेरलेले असतात आणि १०० नेमका ३५ किंवा ३८ समोर येतो. कारखान्यातून अशी चूक सुटत नाही.

आता पोटातल्या मशीनकडे. मध्यमवर्गीय खिशाला परवडणारे लष्करी वळणाचे जुने क्रोनोग्राफ पाहिले तर त्यातले बरेच एकाच घराण्यातून आलेले निघतात. स्वित्झर्लंडमधल्या मुटिए गावी व्हीनस नावाचा कारखाना होता. तो स्वतःच्या नावाने घड्याळं विकत नसे, नुसत्या मशीन बनवून इतरांना पुरवत असे. त्याच्या १५० या मालिकेवरून मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याने ३०१७ बनवली. ती ‘स्त्रेला’ घड्याळात बसली आणि १९६५ मध्ये अंतराळात पहिल्यांदा यानाबाहेर पडलेल्या लिओनोव्हच्या हातावर तेच घड्याळ होतं. या मशीनचा मिनिटांचा छोटा काटा ४५ पर्यंत मोजतो, बहुतेक इतर ३० पर्यंतच मोजतात. ‘स्त्रेला’ म्हणून दाखवलेल्या घड्याळावर ३० मिनिटांचा गोल दिसला तर आत ३०१७ नाही.

पुढे व्हीनसला पैशाची ओढ लागली. त्यांची १७५ नंबरची मशीन बनवायची यंत्रं १९६१ च्या सुमारास चीनच्या तिएनजिन कारखान्याकडे गेली. तिथे हवाई दलासाठी घड्याळ तयार झालं, आज ‘सीगल १९६३’ नावाने त्याची नवी आवृत्ती मिळते. व्हीनसने स्वस्तातली १८८ सुद्धा काढली होती. कारखाना तरी टिकला नाही. १९६६ मध्ये तो व्हॅल्जू कंपनीत गेला आणि १८८ ची ७७३० झाली, मग ७७३३ आणि तारखेची ७७३४. ब्रिटिश सैन्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांत हॅमिल्टन, न्यूमार्क, सीडब्ल्यूसी आणि प्रेसिस्टा या चार नावांनी जे क्रोनोग्राफ घेतले त्यांच्या पोटात ७७३३ आहे. ७७३४ ची यंत्रं सोव्हिएत संघाने विकत घेतली आणि मॉस्कोच्या त्याच पहिल्या कारखान्यात १९७६ च्या आसपास पोल्योत ३१३३ सुरू झाली. म्हणजे लंडन आणि मॉस्को, शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना, एकाच व्हीनसची नातवंडं टिकटिकत होती.

झाकण उघडल्यावर दोन शाखा डोळ्यांनी वेगळ्या करता येतात. १७५ आणि तिच्या चिनी वंशजांत कॉलम व्हील असतं: छोट्या बुरुजांचं चाक, बटण दाबलं की एक दात सरकतं. १८८ पासूनच्या शाखेत तिथे एकावर एक बसवलेल्या पोलादी पत्र्यांचा कॅम आहे. कॉलम व्हीलचं बटण लोण्यासारखं दाबलं जातं, कॅमचं थोडं जड आणि कटकन. ३१३३ आणि ७७३४ मात्र सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. स्विस मशीन तासाला १८,००० ठोके देते आणि तिच्यात सहसा १७ खडे (घर्षण कमी करणारे) असतात. रशियन २१,६०० ठोक्यांवर चालते, तिच्यात २३ खडे असतात आणि ३१३३ हा आकडा मशीनवर कोरलेला असतो. टाइमग्राफवर, म्हणजे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, घड्याळ ठेवलं की ठोक्यांचा आकडा लगेच दिसतो.

व्हॅल्जूचा नंबर बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली, मुख्य पाटीवर असतो. व्हीनसच्या मशीनवर चांदणीची खूण असते. नंबरावरून जात आणि काळ कळतो, गिऱ्हाईक नाही. एकाच ७७३३ वर डझनावारी कंपन्यांनी आपलं नाव छापून घड्याळं विकली. त्यामुळे ‘आत व्हॅल्जू आहे, म्हणजे मिलिटरीचं’ हा युक्तिवाद ऐकून सोडून द्यावा.

सैन्याचा पुरावा मागच्या झाकणावर असतो. ब्रिटिश माल असेल तर बाण, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो. खाली खात्याचा संकेत: ०५५२ नौदल, ६बीबी हवाई दल, डब्ल्यू१० भूदल. मग क्रमांक आणि तिरक्या रेघेनंतर वर्षाचे दोन आकडे. नाटोच्या भांडाराचा नंबर ६६४५ ने सुरू होत असेल तर ती वेळ मोजणाऱ्या उपकरणांची यादी, आणि पुढचे दोन आकडे देशाचे: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स. जर्मन सैन्याच्या ह्यूअरवर ६६४५-१२ असंच दिसतं. चार ब्रिटिश नावांच्या घड्याळांत आणखी दोन गोष्टी बघाव्यात. केसची उजवी बाजू डावीपेक्षा रुंद असते, चावी आणि बटणांना आडोसा मिळावा म्हणून. आणि पट्ट्याच्या दांड्या केसला पक्क्या जोडलेल्या असतात. पिन काढून पट्टा निघाला तर केस तरी बदलली आहे किंवा घड्याळ नागरी आहे. कोरलेली अक्षरं भिंगाखाली घ्या: जुन्या कोरणीच्या कडा वापराने झिजून गोल होतात, आजच्या लेझरची कड तीक्ष्ण राहते आणि तळ एकसारखा काळपट दिसतो. झाकण खरवडलेलं आणि अक्षरं मात्र ताजी असतील तर घाई नको.

डायलबद्दल आपल्याकडे विशेष सावध राहावं लागतं. मुंबईत जुनी डायल घासून नव्याने रंगवायचा धंदा जोरात आहे आणि तो माल नाशकातल्या बुधवारच्या गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारातही येऊन पडू शकतो. ओळखायच्या खुणा: नावाचं अक्षर जाड-बारीक, छोट्या गोलांतल्या गोल रेघा पुसट, डायलच्या कडेला रंगाची लाट, आणि ‘स्विस मेड’ची ओळ काचेच्या कडेखाली अर्धी गेलेली. चमकणाऱ्या लेपाची परीक्षा अंधारात घ्या. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून विझवा. ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा जुना लेप जवळपास लगेच मावळतो: ट्रिटियमचा जोर दर बारा वर्षांनी निम्मा होत आलेला असतो आणि लेपातली चमकणारी भुकटीही थकलेली असते. मिनिटभर हिरवा उजेड राहिला तर लेप नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. काटे उजळतात आणि आकडे मेलेले, म्हणजे काटे बदललेले. साठच्या दशकापर्यंतच्या डायलवर रेडियम असू शकतं. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, तेव्हा ते नखाने खरवडू नका आणि उघड्या डायलवर फुंकर मारू नका.

पैसे देण्याआधी अर्धा तास तरी हातात घड्याळ हवं. चावी पंचवीसएक वळणं द्या, काटा सुरू करा आणि ३० मिनिटं पूर्ण होऊ द्या. दर मिनिटाला छोटा काटा एक घर स्वच्छ सरकला पाहिजे. मध्येच अडकला तर मिनिटांच्या चाकाची खोली बिघडलेली आहे. सुरू होताना मोठा काटा उडी मारत असेल तर दोन चाकांच्या दातांची मिळणी नीट नाही, जाणत्या घड्याळवाल्याला ती बसवता येते. शून्यावर आणल्यावर काटा बाराच्या थोडा अलीकडे थांबणं ही बहुतेक वेळा नुसती बसवण्याची चूक असते, पण दरवेळी वेगळ्याच जागी थांबत असेल तर हृदयाच्या आकाराचा कॅम किंवा त्यावर पडणारी हातोडी झिजलेली आहे, आणि तो खर्च मोठा. टाइमग्राफवर डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, २७० अंशांच्या पुढे असावं. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर ते वीस-तीस अंशांनी उतरतं. चाळीसच्या पुढे उतरलं तर बहुधा तेल सुकलंय. फ्लायबॅक (धावता काटा थेट शून्यावर आणायची सोय) नसलेल्या घड्याळात काटा धावत असताना शून्याचं बटण दाबायला विकणाऱ्यालाही देऊ नका, हातोडीवर नाहक ताण येतो. बटणांच्या दांड्यांतून पावसाळ्यात ओल शिरते, म्हणून काचेच्या आतल्या बाजूला धूसर डाग आहेत का हेही उजेडात तिरकं धरून बघावं.

कागद मिळाले तर सोन्याहून पिवळं. सोव्हिएत घड्याळाबरोबर छोटं ‘पासपोर्ट’ पुस्तक येई, त्यावर तारीख असते. लाँजीनसारख्या कंपनीकडे सीरियल नंबरवरून जुन्या नोंदवहीतला उतारा मिळतो. आखातातून आलेल्या सेको ६१३९ ला तर कागदच लागत नाही. झाकणावरच्या सहा आकड्यांतला पहिला वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना, ऑक्टोबर ते डिसेंबरला ओ, एन, डी. दशक मात्र मॉडेलवरून ठरवायचं.

ओझरच्या रशियनाकडे परत येऊ. मिगच्या कॉकपिटमधलं एसीएचएस-१ नावाचं घड्याळ खरोखर त्या कामाचं आहे. उड्डाणाचा वेळ, स्टॉपवॉच आणि रोजची वेळ एकाच डायलवर दाखवणारं. पण ते डॅशबोर्डवर बसतं, मनगटावर नाही. हातातलं घड्याळ सोव्हिएत हवाई दलाचं ‘श्तुर्मान्स्किये’ असल्याचा दावा असेल तर चावी बाहेर ओढा. त्यासाठी केलेल्या ३१६५९ मशीनमध्ये नऊच्या बाजूचा छोटा सेकंद काटा जागीच थांबतो, कारण वैमानिकांना घड्याळं एकमेकांशी जुळवावी लागत. काटा फिरतच राहिला तर आत साधी ३१३३ आहे, मग डायलवर काहीही लिहिलेलं असो, भाव ३१३३ चाच.