गायक टीव्हीवर, बँड बडोद्यात

टीव्हीवरच्या एखाद्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन जाहीर झाली की बडोद्यातल्या तालमीच्या खोल्यांमध्ये एकच वाद सुरू होतो. सगळ्या बँडने जायचं, की गायकाला एकट्याला पाठवायचं? हा वाद पुण्यात होतो, इंदूरला होतो, कुठेही होतो. पण बडोद्याच्या पोरांना त्यात एक हिशेब जास्तीचा करावा लागतो. नवरात्राच्या नऊ रात्री इथल्या बँडला जे काम देतात, ते बाकीच्या शहरांतल्या बँडना वर्षभर शोधूनही मिळत नाही. त्या तारखा मोडून मुंबईला शूटिंगसाठी जाऊन बसायचं तर बदल्यात मिळणार काय, हे आधी बघावं लागतं. उत्तर नीट लागायला थोडं मागे जावं लागेल. मागे म्हणजे थेट गायकवाडी दरबारापर्यंत.

1880 मध्ये सयाजीराव तिसरे यांचं तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी, लग्न झालं. तेव्हा आंदणात तंजावरहून नर्तकींचा ताफा बडोद्याला आला, आणि त्यांच्याबरोबर नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे गुरू, आणि साथीचे वादकही आले. अख्खा संच आला आणि संस्थानाने तो अख्खाच ठेवून घेतला. दरबाराचं कलावंत कारखाना नावाचं स्वतंत्र खातं होतं; गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी सगळे त्याच्या पटावर. कोणी कधी हजर राहायचं, कोणाला किती पगार, याचे नियम होते. कलावंताला खात्याचा नोकर करून टाकलं अशी टीका आज करता येते, आणि ती खोटीही नाही. पण साथीदाराचा पगार गायकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता, हेही तितकंच खरं.

1886 मध्ये गायक-बीनकार मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात सरकारी गायनशाळा निघाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती आणि गाणं घराण्याबाहेरच्या पोरांनाही शिकवता येतं, हे तिथे रोज दिसत होतं. त्यांच्या एका मुलाला पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाठवण्यात आलं. दरबारचा युरोपीय धर्तीचा बँड होताच. पुढे फ्रेडिलिस नावाचे युरोपीय गृहस्थ गायनशाळेचे प्राचार्य झाले. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, ती याच गायनशाळेची वारस. सुरसागरच्या काठावरून जाताना आतून तबल्याचे बोल ऐकू येतात ते तिथलेच.

बडोद्याचा बँड परदेशी गेला तो 1910 मध्ये. मौलाबक्षांचे नातू इनायत खान, त्यांचे धाकटे भाऊ मेहबूब खान आणि नात्यातले भाऊ मोहम्मद अली खान सप्टेंबरात मुंबईहून अमेरिकेला निघाले. इनायत खान बडोद्यातच जन्मलेले, आजोबांच्या शाळेत वाढलेले. ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान’ हे या मंडळींचं नाव. 1911 मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या दौऱ्यात ते वाजवत होते. रूथबाई भारतीय वाटतील असे नाच बसवत आणि अमेरिकेत त्यांना चांगलं नाव होतं. तिकीट विकलं जाई ते नाचाचं. बडोद्याच्या गायनशाळेत तयार झालेले हे गायक-वादक त्या खेळाच्या सजावटीचा भाग होऊन बसले होते. इनायत खानांनी नंतर वीणा बाजूला ठेवली आणि सूफी विचारांच्या प्रसाराला वाहून घेतलं. जग त्यांना ओळखतं ते त्यासाठी. दुसऱ्याच्या कार्यक्रमात कौतुक होतं, गर्दी दिसते, पण गर्दी आपली नसते, हा अनुभव या शहराच्या खात्यावर एवढा जुना आहे.

मार्च 1916 मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरवली. त्याच सुमारास आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँ दरबारात होते. त्यांच्याकडे शिकायला संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक मराठी तरुण आला, श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. पुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांच्या ऑडिशन सुरू केल्या, तेव्हा त्या मंडळाच्या अध्यक्षपदी हेच रातंजनकर होते. नावाजलेल्या गवयांनीही परीक्षा द्यायची, म्हणून देशभर ओरड झाली. ‘ऑडिशन’ हा शब्द आपल्या घरांत रुळला तो इथून. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या आणि श्रेणीप्रमाणे मानधन. दरबारचा पट जाऊन श्रेणीचं पत्रक आलं. सुगम संगीत गाणाऱ्या मराठी कुटुंबांत रेडिओची श्रेणी मिळणं ही पेढे वाटण्याची गोष्ट होती. पण ती मिळायची माणसाला. तुमच्याबरोबर दहा वर्षं पेटी धरणाऱ्याने स्वतःची परीक्षा स्वतः द्यायची.

स्पर्धा जिंकून सिनेमात जायचा रस्ताही टीव्हीच्या आधीचा. 1957 च्या मेट्रो-मर्फी स्पर्धेत महेंद्र कपूर निवडले गेले. परीक्षकांत नौशाद, अनिल विश्वास, वसंत देसाई, मदनमोहन आणि सी. रामचंद्र ही मंडळी होती. सी. रामचंद्रांनी थोड्याच काळात त्यांना ‘नवरंग’साठी गायला लावलं. परीक्षकाच्याच हातात काम देणं होतं, हे इथे महत्त्वाचं. नंतरच्या कित्येक विजेत्यांच्या वाट्याला परीक्षकाचं अलिंगन आलं, काम आलं नाही.

निव्वळ बँडांसाठी मोठी स्पर्धा झाली ती एका सिगारेटच्या जाहिरातीपायी. साठच्या दशकाच्या शेवटी सिमला बीट नावाची स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावचे रॉक बँड तिच्यात उतरले. 1970 आणि 1971 साली त्यातल्या निवडक बँडांच्या लाँगप्ले तबकड्या निघाल्या, आणि त्यांत बँडांची स्वतःची गाणीही होती. बँड मोडले, पोरं बँकेत आणि कारखान्यात चिकटली, पण तबकडी राहिली. आज संग्राहक ती शोधत फिरतात. सिगारेट कंपनीचं कौतुक करायची हौस नाही, पण बँडच्या हातात बँडच्याच नावाची वस्तू दिलेली स्पर्धा म्हटलं की मला नंतरच्या टीव्हीच्या काळातली एकही इतक्या सहज आठवत नाही.

आमच्याकडे त्या काळात बँड म्हणजे ऑर्केस्ट्रा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या गणपतीत हिंदी गाणी आणि चार मराठी भावगीतं. फलकावर गायकाच्या नावाच्या वर ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’. स्वतःच्या नावावर माणूस विकला जात नाही हे तेव्हा कोणी लपवतही नव्हतं.

मग 1995 मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं. सूत्रसंचालक सोनू निगम, पहिली विजेती मराठी मुलगी, संजीवनी भेलांडे. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज़ सुनो’ने सुनिधी चौहान दिली. श्रेया घोषाल ‘सा रे ग म’मध्ये दिसली आणि 2002 मध्ये ‘देवदास’मधून ऐकू आली. या तीन-चार नावांनी घराघरांत पक्कं बसवलं की स्पर्धेतून नशीब उघडतं. उघडतं हे खरंच. पण ही सगळी एकट्याने गाणारी माणसं. स्टुडिओत वाद्यवृंद चॅनेलचा असतो, गाणी बहुतेक सिनेमाची, वेळ दोन-तीन मिनिटांची. त्या रचनेत तुमच्या ड्रमरला बसायला स्टूलच नसतं.

टीव्हीला बँड हवा झाला तेव्हा त्याने तो घरीच बनवला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला ‘पॉपस्टार्स’ हा कार्यक्रम 2002 मध्ये चॅनेल व्हीने इथे आणला. एकमेकींना न ओळखणाऱ्या पाच मुली निवडल्या, त्यांना ‘विवा’ हे नाव दिलं, अल्बम काढला. दुसऱ्या वर्षी ‘आस्मा’ आला. दोन्ही काही वर्षांत विरले. विवातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पार्श्वगायिका म्हणून पुढे आल्या, म्हणजे पुन्हा एकेकट्याच.

2004 मध्ये ‘इंडियन आयडल’ आलं आणि एसएमएसने गाव स्पर्धेत उतरलं. 2007 मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी डोंगरातल्या गावांनी चाहत्यांची मंडळं काढून मतं गोळा केली आणि तो जिंकला. समोर शिलाँगचा अमित पॉल होता. आपल्याकडेही आपल्या गावचं पोर टीव्हीवर दिसलं की चौकात फलक लागतो आणि नगरसेवकाचा फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठा असतो. या लाटेत गावाचं नाव होतं, फोन कंपन्यांचं भलं होतं, स्पर्धकाचंही काही काळ होतं. त्याच्या मागे वाजवणाऱ्यांचं नाव त्या फलकावर कधी बघितलंय का?

समूहांना दार उघडलं ते 2009 मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ने. पहिल्या वर्षी ओडिशातल्या बेहरामपूरचा प्रिन्स डान्स ग्रुप जिंकला, दुसऱ्या वर्षी, 2010 मध्ये, शिलाँग चेंबर क्वायर हा वृंदगानाचा संच. बँडने स्पर्धेत जावं असं म्हणणारे या क्वायरचा दाखला हमखास देतात, म्हणून तो जरा निरखून बघायला हवा. नील नाँगकिनरी यांनी क्वायर 2001 मध्ये सुरू केलं होतं. टीव्हीवर यायच्या आधी नऊ वर्षं ते गात होतं, आणि त्याच 2010 मध्ये चीनमधल्या वर्ल्ड क्वायर गेम्समधून सुवर्णपदकं घेऊन आलं होतं. वर्षअखेरीला ओबामा आले तेव्हा राष्ट्रपती भवनात ते गायलं. स्पर्धेने त्याला देशभर पोचवलं हे कबूल. घडवलं मात्र नाही. 2022 च्या जानेवारीत नील गेले, क्वायर चालू राहिलं. चॅनेलने बनवलेल्या संचात आणि गावात बनलेल्या संचात फरक आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

केरळच्या थैक्कुडम ब्रिजचं उदाहरण मला त्याहून पटतं. 2013 मध्ये कप्पा टीव्हीच्या ‘म्युझिक मोजो’मधून हा बँड लोकांना कळला. त्या कार्यक्रमात स्पर्धा नव्हती, मतं नव्हती, बाद होणं नव्हतं. बँडने आपल्या पद्धतीने वाजवायचं, चॅनेलने नीट ध्वनिमुद्रण करून दाखवायचं. टीव्ही वाईट आणि तालीम चांगली असा सोपा निकाल म्हणूनच लावता येत नाही. प्रश्न पडद्यावर काय वाजतं आणि कोणाच्या नावाने वाजतं, याचा आहे.

आता बडोद्याचा हिशेब. गरब्याला डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण बडोद्यात त्याआधीपासून तो शहराचा मोठा मोसम आहे. इथली मोठी मैदानं जिवंत गाण्या-वाजवण्यावर चालतात. ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बासरी, गायक-गायिका आणि कोरस. एक राउंड सुरू झाला की लय न सोडता तासभर खेचायचा. हे कौशल्य दोन मिनिटांच्या ऑडिशनमध्ये दाखवताच येत नाही. टीव्हीचा परीक्षक ‘वरचा सा लावून दाखव’ म्हणतो. मैदानातली हजारो माणसं म्हणतात, ‘थांबू नका’. शिवाय सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, बँडच्या नावाने ठरते आणि इसार बँडप्रमुखाच्या हातात पडतो. फाल्गुनी पाठक वर्षानुवर्षं नवरात्राच्या रात्री गाजवून मग 1998 च्या अल्बमने देशभर पोचल्या, स्पर्धेशिवाय. उलट बाजूला अहमदाबादची ऐश्वर्या मजमुदार आहे. 2008 मध्ये ती ‘छोटे उस्ताद’ जिंकली आणि आज तिचं नाव गरब्याच्या मंचावर ठळक असतं. टीव्हीवरची ओळख नवरात्रात वटवता येते, हे तिच्याकडे बघून मान्य करावंच लागतं. फक्त वटवते ती व्यक्ती. तिच्या मागच्या वादकांना त्या रात्रीची बिदागी मिळते, नावाची किंमत मिळत नाही.

म्हणून माझं मत असं, की बडोद्याच्या बँडला स्पर्धेचा फायदा होतो तो बँड म्हणून जाता येत असेल आणि आपली चाल वाजवू देत असतील तरच. एरवी फायदा गायकाचा. आणि त्यालाही जाण्यापासून कोणी अडवू नये. पोर पुढे जात असेल तर बँडच्या नावाखाली त्याचे पाय धरायचे, हा कद्रूपणा झाला.

खरी अडचण येते ती करारात. अशा कार्यक्रमांत वरच्या फेऱ्यांत पोचलेल्या स्पर्धकाला ठरावीक मुदतीसाठी चॅनेलशी किंवा त्याच्या व्यवस्थापन कंपनीशी बांधून घेण्याची पद्धत आहे. त्या काळात दुसरीकडे गायचं तर परवानगी लागते आणि मानधनात वाटा जातो. सही बहुतेक वेळा घाईत, आईवडिलांच्या साक्षीने, आनंदाच्या भरात होते. मुदतीच्या मध्येच अश्विन उजाडला तर बँडने घेतलेल्या सुपारीचं काय, हे त्या कागदावर कुठेच नसतं, कारण बँड त्या करारात पक्षच नसतो. आयोजक मात्र बँडप्रमुखाला फोन करून विचारतो, ‘दादा, टीव्हीवाला मुलगा येणार ना? आम्ही फलकावर नाव टाकलंय.’

गरब्याच्या संचात गायक तसे एकाहून जास्त असतातच, कारण एका गळ्यावर नऊ रात्री निघत नाहीत. एक जण स्पर्धेला गेला म्हणून राउंड अडत नाही. तो पुढच्या वर्षी परत आला तर माइक त्याच्यासाठी असतो. मानधनाचं बोलणं तेवढं नव्याने होतं, आणि या खेपेला तो एकटा बोलायला येत नाही, मॅनेजर घेऊन येतो.