कोयना ते किल्लारी: दख्खन हलत नाही हा समज कसा मोडला

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की आधी रिश्टरचा आकडा विचारला जातो, पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला ६.३ चा भूकंप झाला, साधारण २०० माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला किल्लारीत ६.२ चा झाला, म्हणजे जवळपास तेवढाच, आणि तिथे दहा हजाराच्या आसपास माणसं गेली.

कोयनेच्या आधी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा खडक असंच सगळे धरून चालायचे, सरकारी भूकंप नकाशातही हा भाग जवळपास बिनधोकच होता. मग कोयना धरणात पाणी साठायला लागलं आणि १९६२ पासून बारीक धक्के सुरू झाले. धरणामुळेच भूकंप होतो असं लोक सरसकट म्हणतात ते मला पटत नाही, कारण भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो प्रचंड खडकाचा तुकडा, वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतेय, तो ताण पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांमध्येही साठतो, पाणी झिरपून त्या भेगांमधला दाब वाढतो आणि सुटायच्या बेतात असलेली भेग सरकते. म्हणजे ताकद जमिनीची, पाणी फक्त निमित्त. १९७० मध्ये नकाशा बदलून कोयना जास्त धोक्याच्या झोन ४ मध्ये गेलं, किल्लारी मात्र सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्येच राहिली.

खरं तर १९९२ च्या ऑक्टोबरमध्येच किल्लारीला धक्के बसले होते. आणि मोठा भूकंप आला तो अनंत चतुर्दशीच्या रात्री, विसर्जन करून उशिरा आलेली माणसं गाढ झोपेत होती. वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर मातीचा जाडजूड थर, पावसाळ्यात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर आणखी माती टाकत गेलेली, आणि खाली दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, ज्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते. भूकंपाचं केंद्रही उथळ होतं. भिंत फुगली, दगड सुटे झाले आणि छताची सगळी माती अंगावर आली. उन्हाळ्यात थंडावा देणारी घरं होती ती, बांधणाऱ्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की इथे जमीन हलू शकते.

रिश्टर स्केलवर एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, पण तो आकडा फक्त जमिनीतून किती ऊर्जा सुटली तेवढंच सांगतो. गावात काय पडलं ते तीव्रता सांगते, आणि ती खोली, माती नि बांधकाम यावर ठरते.

किल्लारीनंतर कित्येक गावं नव्या जागी वसवली, २००२ च्या नकाशात लातूर झोन ३ मध्ये आलं. २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले आणि मराठवाड्यात जुनी माळवदं अजूनही वापरात आहेत. सगळं पाडून नवं बांधणं प्रत्येकाला कुठून परवडणार, पण माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड घालणं आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा देणं एवढं तरी ग्रामपंचायतींनी मनावर घेतलंच पाहिजे.