अ‍ॅलर्जीने चोंदणाऱ्या नाकाची शस्त्रक्रिया

अ‍ॅलर्जीमुळे सतत बंद राहणारे नाक औषधांनीही पुरेसे मोकळे होत नसेल, तर श्वासाची वाट रुंद करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. तिने वाट मोकळी होते, अ‍ॅलर्जी जात नाही. विदर्भातल्या खेड्यांतून येणारा रुग्ण ‘हाड वाढलं’ किंवा ‘मास वाढलं’ एवढेच सांगतो. त्या दोन शब्दांत तीन निरनिराळे दोष दडलेले असतात: दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा, सुजलेले टर्बिनेट आणि पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तरातून वाढलेला मऊ, लोंबता गोळा.

टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तराची वळकटी. आत येणारी हवा ती ऊबदार व ओलसर करते. अ‍ॅलर्जीत शरीरात हिस्टामिन हे रसायन सुटते, रक्तवाहिन्या फुगतात आणि खालचे टर्बिनेट पडद्याला टेकते. पावसाळ्यात बांधावरचे गाजर गवत फुलते, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो. मग कापूस येतो. भाव येईपर्यंत तो घरातच भरून ठेवतात आणि कित्येक घरांत त्याच खोलीत माणसे झोपतात. नाक रात्री का गच्च होते, हे शोधताना ‘घरात कापूस भरला आहे का’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तपासणीतली एक साधी गोष्ट सांगण्याजोगी आहे. गार धातूची पट्टी नाकपुड्यांखाली धरली की श्वासाच्या वाफेचे दोन डाग उमटतात. ज्या बाजूला अडथळा, तिकडचा डाग लहान. नंतर नाक मोकळे करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस आत ठेवून पुन्हा बघतात. डाग मोठा झाला तर अडथळा सुजेचा, जवळपास तेवढाच राहिला तर बहुधा हाडाचा किंवा पडद्याचा. आलटून पालटून बंद होणारे नाक सुजेकडे बोट दाखवते, कायम एकाच बाजूला बंद असलेले पडद्याकडे. औषध दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब महिनोन्‌महिने घातल्यानेही नाकात सूज टिकून राहते. ते 5 ते 7 दिवसांपलीकडे वापरू नयेत.

शस्त्रक्रियेआधी स्टिरॉइडचा नाकातला फवारा रोज, किमान 4 ते 8 आठवडे, नीट वापरून बघावा लागतो. दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणणे ही प्रचितीच नव्हे. त्यानंतरही अडथळा राहिला तर पडदा सरळ करतात, टर्बिनेटचे आकारमान कमी करतात किंवा दोन्ही एकत्र करतात. टर्बिनेटसाठी रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, आतून आक्रसवणे किंवा वरचे अस्तर राखून आतला भाग काढणे, अशा पद्धती आहेत. पॉलिप असल्यास दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया करतात.

टर्बिनेट सगळेच कापून टाकणे मात्र घातक ठरू शकते. नाक आतून कोरडे पडते, खपल्या धरतात, दुर्गंधी येते. वाट रिकामी असूनही श्वास मिळत नाही असे वाटत राहते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात हा त्रास अधिकच जाचतो. म्हणून ‘सगळं काढून टाका डॉक्टरसाहेब’ हा आग्रह रुग्णाने धरू नये आणि डॉक्टरांनीही मानू नये.

शेतीची कामे उरकल्यावर, मृगाच्या आधी ऑपरेशन उरकून घेण्याकडे कल असतो. ते सोयीचे खरे, पण उन्हाळ्यात खपल्या लवकर वाळतात, म्हणून उकळून गार केलेल्या मीठ-पाण्याने नाक दिवसातून अनेकदा धुवावे लागते. रक्तस्राव, संसर्ग आणि पडद्याला भोक पडणे हे धोके आधी समजून घ्यावेत. दोन-तीन आठवडे ओझे उचलणे, वाकून निंदणे आणि धूळ टाळावी. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

शिंका, खाज व पाणी गळणे नंतरही हंगामात परतते, त्यामुळे फवारा सुरूच ठेवावा लागतो. तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, फवाऱ्याचे तोंड त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला ठेवून मारावा. पडद्यावर मारत राहिल्यास रक्त येते.