प्रवासी मोटारीची मापे व आकारमर्यादा

मोटारीची लांबी एका बंपरच्या टोकापासून दुसऱ्या बंपरच्या टोकापर्यंत, तर उंची जमिनीपासून छतापर्यंत मोजतात. रुंदीत मात्र बाजूचे आरसे सहसा धरत नाहीत. कागदावर १८०० मिमी रुंद असलेली गाडी आरसे उघडले की दोन मीटरच्या आसपास जाते; अरुंद फाटकातून गाडी काढणाऱ्याला हाच आकडा उपयोगी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर म्हणजे व्हीलबेस. आतली ऐसपैस जागा एकूण लांबीपेक्षा यावरून अधिक कळते.

रस्त्यांसाठी घातलेल्या कमाल मर्यादा मोटारींना क्वचितच आड येतात. युरोपीय संघात त्या १२ मीटर लांबी, २.५५ मीटर रुंदी आणि ४ मीटर उंची अशा आहेत, म्हणजे बसच्या मापाच्या. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद पिकअपला जादा दिवे लावावे लागतात. काहींच्या पुढच्या जाळीत नारिंगी ठिपके दिसतात ते त्यामुळेच.

गाडीला खरा आकार देतो तो कर. जपानमध्ये सवलतीच्या ‘केई’ वर्गासाठी १९९८ पासून ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, २ मीटर उंची आणि ६६० सीसी इंजिन ही मर्यादा आहे. बहुतेक केई मोटारी ३३९५ मिमी लांब आणि १४७५ मिमी रुंद असतात! दोन्हीकडे पाचच मिलिमीटर राखलेले.

भारतात २००६ च्या अर्थसंकल्पाने ४००० मिमीपर्यंतच्या लहान मोटारींचे अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. सोबत पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीची अट होती. मारुतीची डिझायर आधी ४१६० मिमी लांब होती. २०१२ मध्ये ती ३९९५ मिमीची झाली, आणि कात्री लागली ती डिकीला. अशा आखूड शेपटीच्या सेडान दिसायला बेढबच, पण खपल्या.

उंचीच्या बाबतीत वाद झाला तो ग्राउंड क्लिअरन्सवरून, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांमधल्या अंतरावरून. मोठ्या एसयूव्हीवरच्या वाढीव उपकरासाठी १७० मिमीची अट होती, पण माणसे बसली की गाडी दबते. मग मोजायचे कधी? रिकाम्या गाडीचे, असे जीएसटी परिषदेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. लांबी आणि इंजिन दोन्ही मर्यादेत असलेल्या मोटारींवर १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के कर आहे. विद्युत मोटारींना ५ टक्के, मग लांबी कितीही असो.