मूर्तीच्या पाठीतली पोकळी

गेल्या ऑगस्टमध्ये शरणपूर रोडवरच्या आमच्या शेजारच्या काकूंनी आमच्यासोबतच्या सहलीत गोव्याहून मेरीमातेची लाकडी मूर्ती आणली. एप्रिलमध्ये तिला गळ्यापासून पायापर्यंत उभी चीर गेली. "घरात काहीतरी वाईट घडणार," असं त्यांना दोघातिघांनी सांगितलं. काकूंची झोप उडाली, म्हणून हे लिहितोय: ही चीर अपशकुनाने नाही, लाकूड वाळल्याने जाते.

त्याच सहलीत आम्ही जुन्या गोव्यातलं, सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय पाहिलं होतं. पोर्तुगीज काळात स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या वस्तू, हस्तिदंती बाळ येशू, चांदीची पात्रं. तिथला एक लाकडी संत मी कडेने पाहिला, तर पाठ पोकळ! आत पटाशीचे घाव तसेच.

ही पोकळी कशासाठी, ते कळायला आधी लाकूड का फाटतं ते पाहू. लाकडातलं पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशीभित्तिकेत. पोकळीतलं उडालं तरी आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की भित्तिकेतलं पाणी निघू लागतं आणि तिथले सेल्युलोजचे तंतू जवळ सरकतात. तंतू बहुतेक उभे असल्याने लांबी जवळपास तेवढीच राहते, जाडी घटते. तीही सारखी नाही. ओलं सागवान पूर्ण वाळलं तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतं, वाढीच्या वलयांच्या दिशेने ५.८ टक्के.

१० सेंमी त्रिज्येचा ओंडका घ्या. परीघ ६२.८ सेंमी, तो ५९.२ व्हायला बघतो. त्रिज्या मात्र ९.७५ वर थांबते, तिला ६१.३ सेंमी परीघ हवा. दोन सेंमी कमी पडतात, आणि लाकूड गाभ्यापर्यंत फाटतं. घरात ते इतकं कोरडं होत नाही, म्हणून चीर बारीक असते.

पाठीमागून गाभा कोरला की बंद वर्तुळाचा घोड्याचा नाल होतो. टोकं मोकळी, ताण फारसा साचत नाही. कारागिराने भेगेला मागच्या बाजूला आधीच जागा करून दिलेली असते. केवढी ही समज!

आणि मूर्तीसाठी एसी लावायचा सल्ला ऐकू नका. दिवसा चालू, रात्री बंद अशा एसीने लाकूड रोज फुगतं-आकसतं. वरचा खडू-सरसाचा थर आणि सोनेरी वर्ख त्यासोबत हलत नाहीत, सुटून येतात.

काकूंची मूर्ती आम्ही उलटी करून पाहिली. बुडाशी मधोमध गाभ्याचा ठिपका, भोवती वलयं, आणि चीर थेट त्या ठिपक्याला भिडलेली. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मूर्ती पुन्हा फडताळावर ठेवली.